साध्या गाठींची ओपीडी

डायरी लिहायची मला कधीच सवय नव्हती. तरी वीसेक वर्षांत किस्से साठलेच. कुणी जेवायला बोलावलं की दोन घासांनंतर प्रश्न येतो, "मॅडम, तुमच्याकडे काय काय येतं हो?" मी लहान मुलांची सर्जन. त्यातही मूत्रपिंड, मूत्राशय, लघवीची वाट हा माझा आवडता भाग. ताटावर बसून हा विषय काढू नये एवढं मला कळतं. पण विचारणाऱ्यालाही राहवत नाही आणि मलाही! मग आमटी गार होते आणि एकातून एक किस्सा निघत जातो.

त्यातले सगळ्यात चांगले किस्से गाठींचे आहेत. दचकू नका. मुलांच्या लघवीच्या मार्गात कधी कधी असे कोंब, फुगवटे, गाठी उगवतात की ज्या कॅन्सरच्या नसतात. काढल्या की संपलं. काही तर काढाव्याही लागत नाहीत. पण इतक्या दुर्मिळ, की कित्येक सर्जनना अख्ख्या आयुष्यात एखादीच दिसते. माझ्या वाट्याला बऱ्याच आल्या. का आल्या, ते मला आजही कळलेलं नाही. सोलापूरच्या पाण्याला दोष देऊ नका, त्याच्यावर आधीच बरेच आरोप आहेत!

या किश्श्यांत नेहमीची माणसं तीनच. एक मी. दुसऱ्या आमच्या महादेवी सिस्टर, अक्कलकोटकडच्या, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या. तिसरे काळे सर, पॅथॉलॉजिस्ट. मी काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून तो नेमका काय आहे हे सांगणं त्यांचं काम. मुलांची आणि आईबापांची नावं अर्थातच बदललेली आहेत.

*

मोहोळकडचे एक शेतकरी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. तिच्या लघवीतून दोनदा रक्त गेलेलं. सोनोग्राफीत मूत्राशयात हरभऱ्याएवढा कोंब दिसला. दुर्बिणीतून काढला, तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला आणि मी खुशीत सांगितलं, "काही काळजी करू नका. बिनाइन आहे!"

त्यांनी मान हलवली, हात जोडले, मुलीला उचललं आणि बाहेर गेले. मला वाटलं, काय शांत माणूस आहे!

अर्ध्या तासानं महादेवी सिस्टर आत आल्या. "मॅडम, त्या माणसाला काय सांगितलंत? जिन्यात बसलाय. पोरीला मांडीवर घट्ट धरलंय, सोडायलाच तयार नाही."

मी गेले. ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल. मुलगी बिचारी बिस्किट खात त्यांच्या तोंडाकडे बघत होती. गावाकडं फोन झालेला होता. दोन जीप भरून माणसं निघालेली!

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. "अहो, मी तर चांगली बातमी सांगितली तुम्हाला!"

"मॅडम, मला फसवू नका," ते म्हणाले. "आमच्या चुलत्यांला कॅन्सर हुता. तवा डॉक्टर म्हणले, फोर्थ स्टेज हाय, आता काय हुनार न्हाय. चौथ्यातच गेलं की वो चुलतं. आन् माज्या पोरीचं तर तुमी बी-नाइन म्हणताय!"

त्या दिवसापासून माझ्या ओपीडीत 'बिनाइन' शब्दाला बंदी आहे. आम्ही 'साधी गाठ' म्हणतो. जीपमधून आलेल्या बायका जिन्यातच रडायला बसल्या होत्या, त्यांना सिस्टरांनी चहा पाजला आणि 'साधी, साधी' असं शंभरदा सांगितलं.

पण प्रत्येक शब्दाचं गिऱ्हाईक वेगळं. पुढच्याच महिन्यात शहरातली एक आई मला म्हणाली, "साधी म्हणजे? तीन डॉक्टर केले आम्ही, आणि निघाली साधीच?"

*

अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातून आठ वर्षांचा बसू आला होता. त्याची तक्रार अशी, की लघवी करता करता धार मध्येच बंद व्हायची. मग हा जागच्या जागी दोन उड्या मारायचा, कंबरेत मागं वाकायचा, की परत सुरू! शाळेत भिंतीकडं तोंड करून मुलं ओळीनं उभी आणि हा एकटा मधेच उड्या मारतोय. सगळी शाळा हसायची. गुरुजींनी मस्ती करतो म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभं केलेलं. वडिलांनी तीन दवाखाने पालथे घातले. तिन्हीकडे इन्फेक्शनची औषधं मिळाली.

वडील कानडीत सांगत होते, सिस्टर मराठीत करून मला देत होत्या. किती दिवस झाले, ताप येतो का, दुखतं का. बसू मध्येच काहीतरी पुटपुटला. वडिलांनी डोळे वटारले, तो गप्प झाला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. पोरंच ती, बोलतात काहीबाही."

"तरी काय?"

सिस्टरांनी त्याला जवळ ओढलं. तो खाली बघत म्हणाला, "वळग एनो ऐती. बागलदाग बंदु कुंदरतैती. जिगदर एद्दु वळग होगतैती."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "आत काहीतरी आहे म्हणतो. ते दारात येऊन बसतं म्हणतो. उडी मारली की उठून आत जातं."

दोन दिवसांनी त्याला भूल देऊन मी दुर्बीण आत घातली. लघवीच्या नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक देठ होता आणि देठाच्या टोकाला मक्याच्या दाण्याएवढा गुलाबी कोंब. मूत्राशयाच्या तोंडाशी निवांत तरंगत होता. मी पाणी सोडलं. तो डुलत डुलत आला आणि बरोब्बर दारात बसला. पाणी बंद! सिस्टर स्क्रीनकडं बघून ओरडल्या, "अय्यय्यो! खरंच बसलं की!"

तीन दवाखाने, गुरुजी, वडील आणि मी धरून इतकी मोठी माणसं. आत काय आहे ते ज्याला माहीत होतं, त्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

महिन्यानं तो तपासायला आला. धार एकदम झकास! मी म्हटलं, "आता उड्या मारायची गरज नाही बरं का." त्यानं बराच विचार केला आणि सिस्टरांच्या कानात काहीतरी विचारलं. सिस्टर हसत सुटल्या.

"मॅडम, गरज नसताना मारल्या तर चालतील का, विचारतोय!"

*

श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतलं एक जोडपं पहिलीच मुलगी घेऊन आलं. वय चार दिवस. लघवीच्या तोंडाशेजारी वाटाण्याएवढा पिवळसर, चकचकीत फुगा. आई घाबरून गेलेली. वडील कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. खिशाला दोन पेनं, हातात वही.

मी नीट तपासलं. मुलगी लघवी मोकळी करत होती, बाकी सगळं ठणठणीत. म्हटलं, "काही करायचं नाही."

"म्हणजे फक्त औषध?"

"औषध नाही."

"मग मलम?"

"मलम नाही."

"शेक?"

"अजिबात नाही!"

त्यांनी वही मिटली. "मग आम्ही करायचं काय?"

"वाट बघायची. आईच्या शरीरातले हार्मोन्स बाळात उतरलेले असतात, त्यानं असा फुगा कधी कधी येतो. बहुतेक वेळा आपणहून फुटतो नाहीतर जिरतो. नाहीच गेला, तर मी सुईनं टोचीन. पण आत्ता हात लावायचा नाही."

आईला ते पटलं. वडिलांना काही पटलं नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, "मोजलं तर चालेल? हात न लावता?" मोजायला कोण नाही म्हणणार?

तीन आठवड्यांनी परत आले. आईचा चेहरा फुललेला. "आंघोळ घालताना बघते तर नाहीच! आदल्या दिवशी होतं, आणि नाहीच!" मी बघितलं. खरंच, जागासुद्धा ओळखू येत नव्हती.

वडिलांनी टेबलावर आलेख ठेवला. चक्क आलेख! आडवे दिवस, उभे मिलिमीटर. तेरा दिवस रेघ सरळ आणि चौदाव्या दिवशी धाडकन खाली, शून्यावर. बाजूला 'शेरा' म्हणून एक रकाना, तो कोरा.

"मॅडम, शून्य आलं. पण कारण काय लिहू?"

"लिहा, वाट बघितली."

ते एकदम गंभीर झाले. "आमच्या लॅबमध्ये शेऱ्याच्या रकान्यात असं लिहिलं ना मॅडम, तर दुसऱ्या दिवसापासून मलाच घरी बसवतील!"

*

हा जरा मला लाज आणणारा किस्सा आहे.

जुळे सोलापूर या उपनगरातली नऊ वर्षांची ईशा. आईवडील दोघंही नोकरीला. ईशाचं पोट फक्त रविवारी दुखायचं. दुपारी बारा वाजता तिचा अबॅकसचा क्लास, आणि साडेअकराला डाव्या कुशीत कळ, उलटी, घरभर लोळण. क्लास बुडाला की संध्याकाळपर्यंत पोर खणखणीत! तीनदा सोनोग्राफी झाली होती. रविवारी सेंटर बंद, म्हणून प्रत्येक वेळी सोमवारी नाहीतर मंगळवारी. तिन्ही नॉर्मल. शेवटी घरच्यांनी ठरवून टाकलं, की पोरगी नाटकी आहे.

आई मला म्हणाली, "मॅडम, हे अबॅकसचं पोट आहे. तुम्ही एकदा तिला सांगा की काही झालेलं नाही, म्हणजे विषय संपेल."

आणि मी हसले. ईशासमोर! तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ही पण त्यांच्यातलीच निघाली. ती नजर मला झोंबली. म्हणून मी फाईल बंद करायच्या आधी विचारलं, "रविवारी सकाळी उठल्यापासून काय काय करतेस? सगळं सांग."

"दात घासते. मग कार्टून. मग आजोबांबरोबर फिरायला जाते. मग रस पिते."

"कसला रस?"

"उसाचा. तीन ग्लास."

"तीन?" आई ओरडली. "आजोबा तर एक म्हणाले होते!"

एकदम डोक्यात प्रकाश पडला. एवढा रस पोटात गेला की लघवी भराभर तयार होणार. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत कुठं अडथळा असेल, तर मूत्रपिंड फुगणार आणि कळ येणार. दोन-तीन तासांत ते रिकामं झालं की सगळं नॉर्मल. सोमवारी काय दिसणार, कपाळ?

मी प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिलं, 'गुरुवारी सकाळी उसाचा रस, तीन ग्लास.' आजोबांना आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नसेल! गुरुवारी अकरा वाजता ईशा कळवळत आली. तशीच सोनोग्राफीला झोपवली. डावं मूत्रपिंड फुग्यासारखं तट्ट फुगलेलं.

ऑपरेशनमध्ये नळीच्या वरच्या टोकाला कोंब सापडला. ओल्या शेवयांचा झुबका असावा तसा, बोटं बोटं असलेला. तेवढा भाग काढून नळी परत जोडली. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मी हिला खोटारडी म्हणाले हो मॅडम. पाहुण्यांसमोर म्हणाले."

"मीही हसले होते," मी म्हटलं.

तीन महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी आईचा फोन, आवाज घाबरा. "मॅडम, परत दुखतंय म्हणते!" मी म्हटलं, लगेच आणा. रविवार असूनही सेंटर उघडायला लावून सोनोग्राफी केली. मूत्रपिंड छान, नळी छान, सगळं छान. आई जरा बाहेर गेली तशी ईशानं मला बोटानं जवळ बोलावलं.

"मॅडम, आज क्लासमध्ये टेस्ट आहे. आईला सांगू नका ना."

मी नाही सांगितलं. पेशंटचं गुपित पाळणं हे माझं कामच आहे!

*

एक छोटासा. सहावीतल्या एका मुलाचं अगदी ईशासारखंच ऑपरेशन झालं. त्याला बाटलीतला कोंब घरी न्यायचा होता. ते शक्य नव्हतं, तो तपासायला जायचा होता. त्यानं इतका हट्ट धरला की शेवटी मी त्याला स्वच्छ धुतलेल्या कोंबाचा फोटो काढून दिला. काळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी बोटं पसरलेली, दिसायला खरंच देखणा!

दोन महिन्यांनी आई त्याला, पेढे आणि एक सर्टिफिकेट घेऊन आली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोराला दुसरा नंबर! विषय होता, 'खोल समुद्रातील जीव'.

मी कपाळाला हात लावला. सिस्टरांचं लक्ष भलतीकडेच. "दुसरा का रे? एवढं भारी असून? पहिला कुणाला दिला?"

"ज्वालामुखीला," तो खट्टू होऊन म्हणाला. "त्यातनं फेस येत होता."

*

काळे सरांचा एक सांगायलाच हवा. श्रीनिवास हा यंत्रमागावरचा कामगार, घरी तेलुगू बोलणारा. चादरी विणायचा. त्याची सहा वर्षांची लावण्या लघवीला बसली की किंचाळायची, आणि लघवी लाल. सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ. खरं सांगते, फिल्म बघून मी मनातल्या मनात खचले. कॅन्सर असता तर केमो, आणि कदाचित सगळं मूत्राशयच काढावं लागलं असतं. सहा वर्षांच्या मुलीचं! दुर्बिणीतून छोटा तुकडा काढला आणि काळे सरांकडं पाठवला.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. रिपोर्ट नाही. श्रीनिवास रोज सकाळी मागावर जायच्या आधी यायचा. दारात उभा राहायचा. सिस्टर मान हलवून 'नाही' म्हणायच्या. तो परत जायचा.

नवव्या दिवशी माझा धीर सुटला. त्याला बरोबर घेऊन मी तडक लॅबमध्ये गेले. "सर, नऊ दिवस! ह्या माणसाच्या तोंडाकडं बघा जरा."

काळे सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. दाढी वाढलेली. म्हणाले, "बसा. दिसायला ही कॅन्सरसारखी आहे. पण वागणं तसं नाही. जुन्या दुखण्यातून सूज वाढत वाढत अशी गाठ होते, कॅन्सरचं सोंग घेते. मी अशी आयुष्यात एकदाच बघितलीय. माझ्या गुरूंकडं मुंबईला स्लाइड पाठवलीय. मी आत्ता घाईनं कॅन्सर लिहून टाकलं, तर तुम्ही मूत्राशय काढाल. मग ते परत कोण बसवणार?"

श्रीनिवास म्हणाला, "सर, मी बघू का?"

काळे सर आपल्या खुर्चीत मलाही बसू देत नाहीत. ते उठले. त्यांनी त्याला बसवलं, भिंग फिरवायचं कसं ते दाखवलं. "हे बघ, ही इथं चांगली जागा. आणि ही इथं गाठ."

तो बघत राहिला. भिंग मागं-पुढं करत, स्लाइड सरकवून घेत, पाच मिनिटं तरी. माल तपासताना बघत असेल तसा. मग म्हणाला, "सर, वीण बिघडलीय. इथनं गुंता चालू झालाय, तो इथपर्यंत. पण ह्याच्या पुढं कापड चांगलं आहे. गुंता त्याच्यात घुसलेला नाही."

काळे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मॅडम," ते म्हणाले, "मी नऊ दिवस नेमकं हेच वाक्य शोधतोय."

दोन दिवसांनी मुंबईचंही तेच उत्तर आलं. गाठीपुरताच भाग काढला, मूत्राशय वाचलं. लावण्या आता मोठी झाली, तपासणीला आली की स्वतःची फाईल स्वतः वाचते.

एखाद्या स्लाइडवर काळे सर फार वेळ अडून बसले की महादेवी सिस्टर फोनवर त्यांना विचारतात, "सर, श्रीनिवासला बोलावू का?"

*

आता हा गेल्या वर्षीचा.

पुण्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी, आरती. मंगळवेढ्याकडच्या गावातली. तिच्या हॉस्पिटलमध्ये नवीन सोनोग्राफी मशीन आलं. डॉक्टरांना ते तपासून बघायचं होतं. ड्युटीवरच्या मुलींपैकी कोण झोपतंय? ही झोपली. उजवं मूत्रपिंड दिसलं, चांगलं मोठं. डावं सापडेना. डॉक्टरांनी कूस वळवून बघितलं, पालथं झोपवून बघितलं. म्हणाले, मशीन बिघडलेलं आलंय.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं तिच्या मैत्रिणीला झोपवायला लावलं. तिची दोन्ही दिसली. परत आरती, परत एकच. इंजिनिअर म्हणाला, "मशीन ओके आहे. फॉल्ट पेशंटमध्ये आहे!"

आरतीच्या पोटावर डाव्या बाजूला एक आडवा व्रण होता. लहानपणी झोळीतून पडली, खाली पत्र्याचा डबा होता, तो लागला, असं तिला सांगितलेलं. ती सुट्टी काढून घरी गेली आणि आईला विचारलं. आई अंगणवाडीत मदतनीस. आईनं विषय सकाळवर ढकलला. सकाळी उठून चांगलं लुगडं नेसली, मुलीला घेऊन एसटीत बसली आणि थेट माझ्या ओपीडीत आली. खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा हिला. मला न्हाय जमत."

मला ओळख पटायला वेळ लागला. मी सोलापुरात नवीन होते तेव्हाची ही केस. तीन आठवड्यांचं बाळ, पोटात डाव्या बाजूला मोठी गाठ. तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडात क्वचित होणारी, साधी. पण मूत्रपिंड त्या गाठीत पूर्ण बुडालेलं, त्यामुळं तेही काढावं लागलं. ही आई तेव्हा स्वतःच विशीची असेल.

मी कागदावर चित्र काढून आरतीला सगळं सांगितलं. ती नर्ससारखीच ऐकत होती. बीपी किती दिवसांनी बघायचं, रक्ताच्या कुठल्या तपासण्या करायच्या, सगळं नीट विचारून घेतलं. मग आईकडं वळली.

"सगळ्या गावाला डबाच सांगितलास?"

"व्हय."

"आण्णांना?" म्हणजे तिच्या वडिलांना.

"त्येंला म्हाईत हाय."

"आन् मला बी डबाच?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "एकच किडनी हाय म्हणल्यावर पोरीला कोण करून घिईल? एका कानाला कळलं की हुतंच गावभर. म्हणून म्या डबा म्हणलं. तू इचारलंस तरी डबाच सांगितला, समदं पोटातच ठिवलं. वीस वरीस."

आरतीनं चित्राचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

बाहेर बाकावर एक बाई सकाळपासून रडत बसली होती. मांडीवर महिन्याचं बाळ, अगदी तशीच गाठ, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सिस्टरांनी समजावलं, मी समजावलं, काही उपयोग नाही. आरतीनं आत येताना तिला बघितलं असणार. ती उठली, दार उघडून बाहेर गेली आणि त्या बाईसमोर उकिडवी बसली. कुर्त्याची कड दोन बोटांनी उचलली.

"ताई, हितं बघा. मी बी एवढीच हुते. डावी किडनी काढलीय माजी. एकच हाय. आन् आता नर्सिंग शिकतीय पुण्याला."

त्या बाईचं रडं थांबलं. बाकावरच्या दुसऱ्या बायका सरकून जवळ आल्या. एकीनं व्रणावरून हात फिरवला. "दुखतं का गं?" कुणी विचारलं, कुठल्या गावची? आरतीनं गावाचं नाव सांगितलं, आडनावासकट. आवाज चांगला खणखणीत, थेट औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असा.

आई माझ्या टेबलाजवळ उभी राहून उघड्या दारातून हे सगळं बघत होती. पदर तोंडाला लावलेला. खांदे हलत होते. मला वाटलं, आता हिला सावरावं लागणार. मी उठून जवळ गेले.

तिनं पदर बाजूला केला, तर ती हसत होती.

"बघा मॅडम," ती म्हणाली. "पोटात म्हणून काय ऱ्हात न्हाय ह्या पोरीच्या!"